अर्धवेळ काम आणि पीएफची पेन्शन : पगार निम्मा झाला, तर म्हातारपणचं काय?

टॉवेल-चादरीला मागणी कमी झाली, की सोलापुरात पहिली कात्री कामाच्या दिवसांना लागते. सहा दिवस चालणारे माग तीन-चार दिवसांवर येतात. गारमेंटमध्ये शिलाईच्या बायांना दुपारीच घरी पाठवतात. विडी कारखान्यात हजार विड्यांचं पान मिळायचं, तिथे पाचशेचंच हातात पडतं. कधी मागणी कामगाराकडूनच येते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात, गुडघे धरलेले असतात, नातवंडं सांभाळायला कोणी नसतं. "मालक, मला अर्धाच दिवस द्या," असं सांगून बाई सुटकेचा श्वास टाकते.

त्या वेळी घरात हिशेब होतो तो हातात येणाऱ्या पगाराचा. किराणा, घरभाडं, मुलाची फी कशी बसवायची ते ठरतं. पेन्शनचा विषय निघत नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि पगाराची व्याख्या, पीएफची कपात यांवर सगळीकडे बोलणं सुरू झालं. अर्धवेळ कामाने पेन्शनचं काय होतं, हे मात्र त्यातही फारसं कोणी सांगत नाही. आणि इथलं नुकसान असं आहे, की ते पाच-दहा वर्षांनी कळतं आणि तेव्हा ते भरून काढता येत नाही.

कापलेले पैसे दोन ठिकाणी जातात

पीएफ म्हणून आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भविष्य निर्वाह निधी, म्हणजे तुमच्या नावावर साठणारी आणि व्याज मिळणारी रक्कम. दुसरी कर्मचारी पेन्शन योजना. ती १६ नोव्हेंबर १९९५पासून आहे, म्हणून तिला ईपीएस-९५ म्हणतात.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये आहेत असं धरू. त्यातून तुमचे १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये कापले जातात. ते पूर्ण निधीत जातात. मालकही १,६८० भरतो, पण त्याचे दोन भाग होतात : ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये पेन्शन योजनेत आणि उरलेले ५१४ तुमच्या निधीत. पेन्शनची वर्गणी जास्तीत जास्त १५,००० पगारावरच घेतली जाते. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४पासून आहे, त्याआधी ती ६,५०० होती. विडी उद्योगात कपातीचा दर १२ऐवजी १० टक्के आहे, पण पेन्शनचे ८.३३ टक्के तिथेही तेवढेच.

पगार निम्मा झाला की निधीचा हिशेब सरळ असतो. महिन्याला २,१९४ जमा व्हायचे, तिथे १,०९७ होतात. आधी साठलेल्या पैशाला काही होत नाही, त्यावर व्याज चालूच राहतं. जितके महिने कमी भरलं तितकंच नुकसान.

पेन्शनचं तसं नाही.

पन्हा कुठे मोजतात?

पेन्शन योजनेत तुमच्या नावावर रक्कम साठत नाही. तिथे सूत्र आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी. २०१४च्या आधी शेवटचे १२ महिने धरायचे, आता पाच वर्षं धरतात.

हे सोलापूरकराला चादरीवरून चटकन कळेल. सेवेची वर्षं म्हणजे चादरीची लांबी, पगार म्हणजे तिचा पन्हा, म्हणजे रुंदी. कापड किती भरलं ते लांबी आणि पन्ह्यावरून ठरतं. पण पेन्शन कार्यालय पन्हा मोजतं तो शेवटच्या हातभर तुकड्याचा, आणि तोच सगळ्या चादरीला लावतं. आधीची सगळी चादर रुंद विणली असेल आणि शेवटचा हातभर तुकडा अरुंद झाला असेल, तर सगळी चादर अरुंद धरली जाते.

आकड्यांत पाहू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगला असलेली एक बाई धरू. २०१६ साली चाळिसाव्या वर्षी कामाला लागली, २०३४ साली ५८ वर्षांची होईल. सेवा १८ वर्षं. हिशेब सोपा राहावा म्हणून पगार १४,०००च राहिला असं मानू. शेवटपर्यंत पूर्णवेळ काम केलं, तर पेन्शन १४,००० × १८ ÷ ७०, म्हणजे महिन्याला ३,६००.

आता तिने ५३व्या वर्षी रोज अर्धा दिवस काम घेतलं आणि पगार ७,००० झाला. सरासरी ७,००० आणि सेवा तीच १८ वर्षं. पेन्शन १,८००. तेरा वर्षं पूर्ण पगारावर वर्गणी भरली, त्यातली निम्मी हिशेबातून गेली.

याच बाईने ही पाच वर्षं ४३ ते ४८ या वयात अर्धवेळ काम केलं असतं आणि पुढची दहा वर्षं पूर्णवेळ केली असती, तर पेन्शन पूर्ण ३,६०० मिळाली असती. दोन्ही वेळी भरलेली वर्गणी सारखीच. फरक पडला तो फक्त वयाने. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : ५३ ते ५८ ही पाच वर्षं पेन्शनच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची आहेत, आणि नेमकी त्याच वयात शरीर थकतं म्हणून माणसं काम कमी करून घेतात.

पाचही वर्षं नसली, थोडीच असली, तरी घट होतेच. शेवटचं एकच वर्ष अर्धवेळ केलं तर पेन्शन ३,२४० होते, शेवटची तीन वर्षं केली तर २,५२०.

सप्टेंबर २०१४च्या आधीपासून नोकरीत असलेल्यांचा हिशेब दोन तुकड्यांत होतो. त्या तारखेपर्यंतच्या वर्षांना पगार जास्तीत जास्त ६,५०० धरतात, पुढच्या वर्षांना १५,०००पर्यंत. त्यामुळे जुन्या वर्षांवर अर्धवेळ कामाचा फटका कमी बसतो. नंतर लागलेल्यांना तो पुरा बसतो.

रोज अर्धा दिवस की आठवड्यात तीन दिवस?

हातात येणारा पगार दोन्हींत सारखाच असतो, म्हणून कामगारही विचारत नाही आणि मालकही सांगत नाही. पेन्शनमध्ये मात्र मोठा फरक पडू शकतो.

पीएफ भरताना कारखाना दर महिन्याला ऑनलाइन तक्ता भरतो. त्यात प्रत्येकाचा पगार असतो आणि आणखी एक रकाना असतो, बिनवर्गणीच्या दिवसांचा. पगार मिळाला नाही असे किती दिवस, ते त्यात लिहितात. मस्टरवर आपण ज्याला खाडा म्हणतो तेच ते. पेन्शन योजनेचा नियम सांगतो, की शेवटच्या ६० महिन्यांत असे दिवस असतील, तर एकूण पगाराला प्रत्यक्ष पगार मिळालेल्या दिवसांनी भागायचं आणि येणाऱ्या आकड्याला ३०ने गुणायचं. म्हणजे खाड्यांमुळे सरासरी पगार खाली येत नाही. खाडे कापले जातात ते सेवेच्या वर्षांतून.

तीच बाई पुन्हा घेऊ. शेवटची पाच वर्षं ती आठवड्यात तीनच दिवस, पण पूर्ण पाळी आणि पूर्ण रोजाने आली, आणि कारखान्याने उरलेले दिवस त्या रकान्यात नीट दाखवले. सरासरी पगार १४,०००च राहिला. सेवा १३ अधिक ढोबळमानाने अडीच, म्हणजे साडेपंधरा वर्षं. सहा महिने किंवा जास्त असले तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १६. पेन्शन १४,००० × १६ ÷ ७०, म्हणजे ३,२००.

रोज अर्धा दिवस आली तर १,८००, तीन पूर्ण दिवस आली तर ३,२००. काम सारखं, पगार सारखा, आणि म्हातारपणी दरमहा १,४०० रुपयांचा फरक. औषधाच्या दुकानात १,४०० रुपयांना काय किंमत असते, ते साठीतल्या माणसाला विचारा.

धोका इथेच आहे. बिल करणारा कारकून खाड्यांचा रकाना शून्य ठेवतो आणि पगाराच्या रकान्यात ७,००० लिहून मोकळा होतो. तसं झालं की तीन दिवस येणाऱ्या बाईचाही हिशेब १,८००वरच येतो. यात कारकुनाचा वाईट हेतू असतो असं नाही, त्याला तो रकाना महत्त्वाचा वाटत नाही. पण भोगावं लागतं ते कामगाराला. म्हणून यूएएनने, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या क्रमांकाने, पीएफच्या पोर्टलवर लॉग इन करून सेवा इतिहास पाहायची सवय लावा, तिथे हे दिवस दिसतात. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला बसवा.

खाडे वाढू देण्याचीही एक मर्यादा आहे. पेन्शनपात्र सेवा २० वर्षं किंवा जास्त भरली आणि ५८व्या वर्षी निवृत्त झालात, तर दोन वर्षं वाढीव धरतात. १४,०००च्या पगारावर ती दोन वर्षं म्हणजे महिन्याला ४०० रुपये. ज्यांची सेवा वीस-एकवीस वर्षांवर आलेली आहे, त्यांनी खाड्यांनी ती विसाच्या खाली घसरू देऊ नये.

"दहा वर्षंच झालेली नाहीत, मग?"

मग सल्ला उलटा होतो. पेन्शन मिळायला किमान दहा वर्षांची सेवा लागते. सात-आठ वर्षं झालेल्या आणि पूर्णवेळ काम झेपत नसलेल्या माणसाने नोकरी सोडण्यापेक्षा रोज अर्धा दिवस काम घेणं कधीही चांगलं. पगार कमी दिसतो, पण रोजची हजेरी लागते, खाडा पडत नाही आणि वर्ष पूर्ण मोजलं जातं. आधी दहा वर्षांचा उंबरा ओलांडायचा, पन्ह्याचं नंतर.

अशी माणसं कंटाळून काम सोडतात आणि १०सी फॉर्म भरून पेन्शनचेही पैसे काढून घेतात. हातात थोडी रक्कम पडते आणि आठ वर्षांची सेवा पुसली जाते. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येतं. ते घेतलं तर सेवा शिल्लक राहते आणि पुढच्या नोकरीला जोडली जाते. पैसे काढलेल्या बाईला पन्नाशीत पुन्हा शून्यापासून दहा वर्षं मोजावी लागतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण एका खुणेचा प्रश्न होता.

"त्यापेक्षा ५३व्या वर्षी नोकरीच सोडली तर?"

हा प्रश्न हुशार माणूस विचारतोच, आणि उत्तर चकित करणारं आहे. आपल्या उदाहरणातल्या बाईने ५३व्या वर्षी, १३ वर्षांच्या सेवेनंतर काम थांबवलं आणि ५८व्या वर्षी पेन्शन सुरू केली, तर शेवटचे ६० महिने पूर्ण पगाराचेच धरले जातात. १४,००० × १३ ÷ ७०, म्हणजे २,६००. पाच वर्षं रोज अर्धा दिवस राबून मिळणाऱ्या १,८००पेक्षा ही पेन्शन ८०० रुपयांनी जास्त आहे. जास्त वर्षं काम केलं म्हणून कमी पेन्शन, हा या सूत्रातला अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तरीही एवढ्यावरून कोणी राजीनामा लिहू नये. त्या पाच वर्षांचा पगार, निधीतली भर आणि कामगार विम्याचा दवाखाना हे सगळं नोकरीबरोबर जातं. नोकरी सोडून काही महिन्यांनी दुसरीकडे अर्धवेळ लागायचं असंही कोणी सुचवेल. त्याचा उपयोग नाही. नवी नोकरी त्याच यूएएनला जोडली जाते आणि शेवटचा पगार पुन्हा कमीच धरला जातो. पन्नाशीनंतर लगेच पेन्शन सुरू करता येते, पण ५८ला जितकी वर्षं कमी, तितके दर वर्षाला ४ टक्के कापले जातात.

योजनेत आणखी एक तरतूद आहे. शेवटच्या ६० महिन्यांत पूर्ण पगार मिळत नसेल, तर पूर्ण पगाराच्या काळातल्या ६० महिन्यांची सरासरी धरावी. आजारपणात अर्ध्या पगारी रजेवर असलेल्याला ती उपयोगी पडते. पण नव्या करारावर सही करून पगारच ७,००० ठरवून घेतलात, तर तोच तुमचा पूर्ण पगार आहे असं समोरचा म्हणेल. काही महिन्यांचंच दुखणं असेल तर करार बदलू नका, रजा मागा.

"अर्धवेळ कामगाराला पीएफ लागूच नाही, असं सांगतात"

चुकीचं सांगतात. कायद्यात कर्मचारी म्हणजे कारखान्याच्या कामासाठी मजुरी घेऊन राबणारा कोणीही, थेट असो वा ठेकेदारामार्फत. रोज किती तास काम करतो, यावर हक्क अवलंबून नाही. कारखान्यात २० किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागू होतो आणि त्या मोजणीत अर्धवेळ माणूसही येतो. पूर्णवेळचा अर्धवेळ झालात म्हणून कोणी तुमची कपात बंद केली, तर ती बेकायदा आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायांना हे आवर्जून सांगायला हवं. घरी बसून काम करणारे कामगार पीएफच्या कायद्यात येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला. पाचशेचंच पान मिळालं तरी हक्क पूर्ण राहतो.

विडी कामगारांच्या पेन्शनबाबत एक वेगळी गोष्ट आहे. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४पासून १,००० रुपये आहे. महिन्याला ४,२०० मजुरी आणि १५ वर्षं सेवा असेल, तर सूत्राने ९०० येतात आणि हातात १,००० मिळतात. मजुरी निम्मी झाली तर सूत्राने ४५० येतील, पण मिळतील १,०००च. म्हणजे काम कमी झाल्याचं पेन्शनमध्ये काहीच दिसत नाही, कारण पेन्शन आधीच तळाला टेकलेली असते. इतक्या वर्षांत तो तळ हललेला नाही. ईपीएस-९५चे पेन्शनर ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागतात. महिन्याला हजार रुपयांत म्हातारं माणूस जगत नाही, हे कळायला कोणत्या समितीची गरज नाही.

पेन्शनबरोबर आणखी काय घटतं

ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी संपताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांत, हाच पन्ह्याचा प्रकार आहे आणि तो जास्त कडक आहे. तिथे पाच वर्षांची सरासरी नाही, शेवटचा पगार धरतात : १५ दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून, गुणिले सेवेची वर्षं. १४,०००वर १८ वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण १,४५,००० होते, ७,०००वर तिची निम्मी. नगावर मजुरी घेणाऱ्यांना शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी लावतात. सलग सेवेवरून वाद झाला तर वर्षात २४० दिवस भरले का, हे पाहिलं जातं, आणि आठवड्यात तीन दिवस येणाऱ्याचे वर्षाला दीडशेच्या आसपासच दिवस भरतात. त्यामुळे पेन्शनसाठी सोयीचा असलेला तीन दिवसांचा मार्ग ग्रॅच्युइटीत अडचणीचा ठरू शकतो. यावर उपाय लेखी कराराचा आहे. कायद्यापेक्षा चांगल्या अटी घालायला मालकाला कोणी अडवत नाही. पूर्णवेळ वर्षांची ग्रॅच्युइटी पूर्णवेळच्या पगारावर मिळेल आणि सेवा सलग धरली जाईल, ही दोन वाक्यं बदलाच्या पत्रात लिहून घ्या. काम कमी करायची गरज मालकाची असते, तेव्हा ती मागायला संकोच नको.

पीएफबरोबर विमाही असतो. सेवेत असताना मृत्यू झाला तर वारसाला मागच्या १२ महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट रक्कम आणि निधीतल्या शिल्लकेचा काही भाग मिळतो, एकूण ७ लाखांपर्यंत. १४,०००वर ३५ पट म्हणजे ४ लाख ९० हजार, ७,०००वर २ लाख ४५ हजार. पतीची किंवा पत्नीची पेन्शनही त्याच शेवटच्या सरासरीवरून ठरते. विमा दवाखान्याचा आजारपणाचा रोख लाभ घ्यायला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवस भरावे लागतात. आठवड्यात तीन दिवस म्हणजे सहा महिन्यांत ७८च दिवस होतात, एक खाडा पडला तरी हुकतं.

आणि ५८ झाल्यावर?

५८ पूर्ण झाले की पेन्शन योजनेतली वर्गणी थांबते आणि मालकाचाही सगळा वाटा तुमच्या निधीत जातो. त्यानंतर अर्धवेळ काम घेतलं तर पेन्शनला धक्का लागत नाही. ज्याला थोडं रेटता येईल त्याने ५८पर्यंत पूर्ण रोज टिकवावा आणि मग तास कमी करावेत. पगार चालू आहे म्हणून पेन्शन लगेच नको असेल तर ती ६०पर्यंत पुढे ढकलता येते, आणि दर वर्षामागे तिच्यात ४ टक्के वाढ मिळते. पेन्शन मागण्याचा १०डी फॉर्म भरण्याआधी ग्रॅच्युइटीचं ते पत्र मात्र मालकाच्या सहीने घरात आलेलं असू द्या, कारण तिथे शेवटचा पगार ५८नंतरचाही धरला जातो.